जीवकाची परीक्षा आणि मधुमेहावरील वनस्पती

विनयपिटकात जीवकाची कथा आहे. तक्षशिलेत सात वर्षे वैद्यक शिकल्यावर आचार्यांनी त्याला नगराभोवती एक योजन फिरून औषधी नसलेली वनस्पती शोधून आणण्यास सांगितले. जीवक रिकाम्या हाताने परतला आणि परीक्षेत उत्तीर्ण झाला. प्रत्येक वनस्पतीत औषध असते, हे तात्पर्य आपण सारे लक्षात ठेवतो. त्यामागची सात वर्षे मात्र विसरतो. मधुमेहाच्या बाबतीत हा विसर महागात पडतो.

कारल्याचा रस, मेथीदाणे, जांभळाच्या बियांचे चूर्ण, कडुनिंबाची पाने, बिबळ्याच्या लाकडी पेल्यात रात्रभर ठेवलेले पाणी, यांपैकी काही ना काही आपल्या अनेक घरांत मधुमेही व्यक्ती घेत असते. धायरीला भेटीस येणारे पालक आम्हांला विचारतात, याला काही आधार आहे का? आधार आहे, पण तो कुठपर्यंत पोहोचतो, हे समजून घेतले पाहिजे.

वनस्पतीचा भाग वाळवून, दळून, पाणी किंवा अल्कोहोलसारख्या द्रावकात भिजवितात. गाळून द्रावक उडवून लावला की उरतो तो अर्क. त्यात अनेक द्रव्ये एकत्र असतात आणि त्यांचे प्रमाण जमीन, ऋतू व कृती यांनुसार बदलते. असा अर्क प्रथम परीक्षानळीत, मग प्राण्यांवर आणि शेवटी माणसांवर तपासला जातो.

भाकरीतील पिष्टाची साखर होते ती अमायलेज व ग्लुकोसिडेज या विकरांमुळे. त्यांचे काम मंदावले तर जेवणानंतर रक्तातील साखर एकदम चढत नाही. पुणे विद्यापीठातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कडुनिंब व बोगनवेल यांचे अर्क मधुमेही उंदरांना २१ दिवस दिले होते. त्यांच्या आतड्यातील ग्लुकोसिडेजची क्रिया घटली आणि साखर पेलण्याची क्षमता सुधारली. कुंपणावरच्या बोगनवेलीविषयी हे वाचून कौतुक वाटते. पण हा निष्कर्ष उंदरांपुरता आहे.

माणसांपर्यंत पोहोचलेले उदाहरण बिबळ्याचे, म्हणजेच विजयसाराचे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ९७ रुग्णांपैकी ६७ जणांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. मात्र ती खुली चाचणी होती. म्हणून पुढे टोल्ब्युटामाइड या जुन्या गोळीशी तुलना करणारी चाचणीही घेण्यात आली. हे रुग्ण नव्याने निदान झालेले होते आणि त्यांना औषध देखरेखीखाली दिले जात होते. पेल्यातील पाण्याला किंवा इन्सुलिनवर असलेल्या रुग्णांना तो निष्कर्ष लावता येत नाही.

वनस्पतीपासून गोळीपर्यंतचा प्रवास पूर्ण झाल्याचे उदाहरण आपल्या घरातच आहे. युरोपातील गॅलेगा या वनस्पतीत साखर उतरविणारे द्रव्य सापडले. पण ते विषारी होते. त्याच्याच जातकुळीतील मेटफॉर्मिन १९२२ मध्ये प्रयोगशाळेत तयार झाले आणि १९५७ मध्ये फ्रान्समधील डॉ. जाँ स्टेर्न यांनी मधुमेहींवरील त्याचा उपयोग प्रसिद्ध केला. ज्या गोळीला आपण ‘केमिकल’ म्हणून नाके मुरडतो, तिचे मूळ असे एका रोपात आहे. रोप आणि गोळी यांच्यामध्ये कित्येक दशकांची परीक्षा उभी आहे.

म्हणून पालकांना व माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे. कारले, मेथी भाजी म्हणून खुशाल खावी. अर्क, चूर्ण किंवा काढा सुरू करायचा असेल तर आधी डॉक्टरांना सांगावे. गोळीच्या जोडीने साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. चालू औषध स्वतःहून कधीही बंद करू नये. विशेषतः लहान वयात होणाऱ्या पहिल्या प्रकारच्या मधुमेहात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही. ते थांबविल्यास थोड्या दिवसांतच जीवावर बेतते. वसतिगृहात मूल पाठविताना ही माहिती लपवू नये.

बाबासाहेबांना मधुमेह होता आणि ते इन्सुलिन घेत असत. कालामांना तथागतांनी सांगितले ते हेच, की परंपरेने आले म्हणून स्वीकारू नका, स्वतः पारखून घ्या. मधुमेहात ही पारख रक्ताच्या तपासणीने होते. ती नियमित करून घेणे हेही धम्माचेच आचरण आहे, असे आम्ही मानतो.