शाळेच्या गेटपुढे : आपण काय धरून चालतो आणि खरं काय आहे

शाळा सुटायच्या वेळी पुण्या-नाशकातल्या कुठल्याही शाळेपुढचा रस्ता पाहा. गेटला लागून दुचाक्यांची दुहेरी रांग, तिच्या बाहेर व्हॅन आणि रिक्षा, पलीकडच्या बाजूला इंजिन चालू ठेवून थांबलेल्या गाड्या. मधे उरलेल्या पट्टीतून वाहनं जातात, आणि त्याच पट्टीतून दप्तर सावरत मुलंही वाट काढतात. चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असं राज्य सरकारने २०२४ मध्ये सांगितलं. मुलांना पुरेशी झोप मिळावी हा हेतू योग्यच आहे. पण त्यामुळे बऱ्याच ठिकाणी शाळेची आणि ऑफिसची वेळ एकमेकींवर आली आणि गर्दी आणखी दाट झाली.

या गर्दीबद्दल पालकांच्या तोंडी असलेली काही वाक्यं तपासून पाहायला हवीत. ती बोलणारी माणसं निष्काळजी नसतात, मुलाच्या काळजीपोटीच बोलत असतात. मात्र ही काळजी गाडीत बसलेल्या आपल्या मुलापुरती असते आणि रस्त्यावर सगळ्यांची मुलं असतात. घोळ तिथे होतो.

गैरसमज : "अगदी गेटपाशी सोडलं की मूल सुरक्षित."

गेटला चिकटून थांबणारी प्रत्येक गाडी तिथे तीन गोष्टी करते. वाट अडवते, मुलांना झाकते आणि निघताना मागे येते किंवा वळते. यातली मागे येणारी गाडी सर्वांत घातक. पहिली-दुसरीतल्या मुलाची उंची जेमतेम सव्वा मीटरच्या आत असते. मोठ्या गाडीच्या बॉनेटपुढे किंवा डिकीमागे उभं राहिलेलं एवढं मूल चालकाला दिसतच नाही. दोन उभ्या गाड्यांच्या फटीतून मूल बाहेर येतं, तेव्हा ते चालकाला दिसलेलं नसतं आणि येणारी गाडी मुलाला दिसलेली नसते. शाळेच्या प्रवेशद्वारापाशी वाहन उभं करायला रस्त्याच्या नियमांत मनाई आहे, ती याच कारणाने. तरी आपण "दोनच मिनिटं" म्हणून थांबतो. शंभर पालकांची दोन-दोन मिनिटं एकाच वेळी एकाच जागी येतात, हे ध्यानात येत नाही.

त्यापेक्षा शे-दोनशे मीटर अलीकडे, शाळा ज्या बाजूला आहे त्याच बाजूला थांबावं, मुलाला डाव्या दाराने उतरवावं आणि उरलेलं अंतर बरोबर चालत जावं. रस्ता ओलांडायची वेळच येत नाही. इटलीतल्या बोल्झानो शहराने १९८० च्या दशकाच्या अखेरीस याच विचाराचं पुढचं पाऊल टाकलं : शाळा भरताना आणि सुटताना शाळेपुढचा रस्ता थोडा वेळ गाड्यांना बंद. आज लंडनमध्ये असे शेकडो रस्ते आहेत. हे आपल्याकडे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांनी भायखळ्याचा मिर्झा गालिब मार्ग पाहावा. तिथे ख्राइस्ट चर्च शाळेच्या परिसरात मुलांना चालायला आखून दिलेली जागा आणि ठळक क्रॉसिंग असे बदल करून पाहिले गेले. त्यासाठी रस्ता रुंद करावा लागला नाही. होती तीच जागा नव्याने वाटली गेली.

गैरसमज : "एवढ्या गर्दीत गाडीला वेग असतोच कुठे?"

गर्दी पंधरा-वीस मिनिटांची असते. तिच्या आधी लवकर येणारी मुलं असतात आणि तिच्यानंतर उशीर झालेले पालक. घंटा होऊन गेल्यावर मोकळ्या रस्त्यावरून भरधाव येणारी स्कूटर त्यांचीच असते.

वेगाचं गणित करून पाहू. समोर अडथळा दिसल्यावर सावध चालकालाही ब्रेक दाबेपर्यंत साधारण एक सेकंद लागतो. ताशी ३० किलोमीटर वेगाने येणारी गाडी कोरड्या रस्त्यावर सुमारे १३ मीटरमध्ये पूर्ण थांबते. ताशी ५० ने येणारी गाडी १३ मीटर गेलेली असते तेव्हा तिचा ब्रेक लागायलाही सुरुवात झालेली नसते. पहिली गाडी जिथे थांबली, तिथे दुसरी पूर्ण वेगाने आदळते. जिथे चालणारे आणि वाहनं एकत्र येतात तिथे वेगमर्यादा ताशी ३० असावी, असं २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्याने सांगितलं, त्यामागे हाच हिशेब आहे. शाळेपुढे तर ३० सुद्धा जास्तच वाटतो मला. शिवाय पावसाळ्यात थांबायचं अंतर वाढतं, आणि आपली शाळा सुरू होते ती नेमकी जूनमध्ये.

गैरसमज : "आमच्या मुलाला रस्ता ओलांडायला शिकवलंय."

शिकवायलाच हवं. पण शिकवलेलं पाठ होणं वेगळं आणि येणाऱ्या गाडीचा वेग ओळखता येणं वेगळं. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे कॉलेजातल्या संशोधकांनी २०११ मध्ये दाखवलं की ताशी ३२ किलोमीटरपेक्षा जास्त वेगाने येणारं वाहन जवळ येतंय, हे प्राथमिक शाळेतल्या मुलांना खात्रीने कळत नाही. वाहन मोठं होत जाताना दिसलं की ते जवळ येतंय हे ओळखण्याची दृष्टीची क्षमताच त्या वयात पुरती तयार नसते. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाने २०१७ मध्ये मुलांना आभासी रस्ता ओलांडायला लावला. सहा वर्षांच्या मुलांची शंभरातल्या सुमारे आठ वेळा गाडीशी धडक झाली. १४ वर्षांची मुलं मात्र मोठ्यांसारखी सुखरूप पलीकडे गेली. म्हणजे सातवीपर्यंतच्या मुलाकडून आपण जे गृहीत धरतो, ते त्याच्या शरीराला अजून साधलेलं नसतं. अपघातानंतर "एकदम मधे आला" असं ज्याच्याबद्दल म्हटलं जातं, त्या मुलाच्या मते रस्ता मोकळाच होता.

आणि आणखी एक. पलीकडे उभं राहून मुलाला हाका मारू नका. त्याचं सगळं लक्ष तुमच्याकडे लागतं आणि ते धावत सुटतं. पलीकडे जाऊन हात धरून आणा.

गैरसमज : "एवढ्याशा अंतराला हेल्मेट कशाला? आणि लहान मुलांना तर नियमच नाही."

चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, मागे बसलेल्यालाही, हेल्मेट सक्तीचं आहे. नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलासाठी २०२२ ची वेगळी अधिसूचना आहे : हेल्मेट, मुलाला चालकाशी बांधून ठेवणारा सुरक्षा पट्टा आणि ताशी ४० च्या वर वेग नाही. दोन मुलं आणि आई किंवा बाबा अशी स्कूटर कायद्याने ट्रिपल सीटच ठरते, मुलं कितीही लहान असोत. पुढे उभं केलेलं मूल तर धडकेत सरळ हँडलवर आपटतं, मागून मोठ्या माणसाचा भारही त्याच्यावरच येतो. चारचाकीत १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा लावला नाही तर दंड आहे.

गैरसमज : "सोळाव्या वर्षी बिनगिअरचं लायसन्स मिळतं, मग अॅक्टिवा चालते."

चालत नाही. सोळा ते अठरा वयात परवानगी आहे ती ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीला. रोजच्या वापरातल्या स्कूटर शंभर सीसीच्या पुढच्या आहेत. अकरावीच्या मुलाकडे ती सोपवली तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या मुलाला २५ व्या वर्षापर्यंत लायसन्स मिळत नाही.

गैरसमज : "बसमध्ये बसवलं की पुढचं शाळा बघेल."

बसच्या आत मूल बऱ्यापैकी सुरक्षित असतं. धोका चढता-उतरताना असतो, विशेषतः उतरल्यावर बसच्या पुढून पळत पलीकडे जाताना. स्टॉप घराच्या बाजूला आहे का, बसमधल्या मावशी मुलाला कोणाच्या हाती देतात, हे पालकांनीच पाहायचं. महाराष्ट्रात २०११ पासून स्कूल बससाठी स्वतंत्र नियमावली आहे आणि तिच्यानुसार प्रत्येक शाळेत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली परिवहन समिती असायला हवी. तिच्यावर पालकांचे प्रतिनिधीही असतात. पुढच्या पालक सभेत ही समिती शेवटची कधी बसली, एवढं जरूर विचारा. गेटपुढचं पार्किंग, क्रॉसिंगचे पुसलेले पट्टे, वर्गवार वेगवेगळी सुटण्याची वेळ, हे विषय मांडायला ती हक्काची जागा आहे.

गैरसमज : "चालत पाठवण्याचे दिवस आता राहिले नाहीत."

शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत असावी, असं धरलेलं आहे. हे अंतर पंधरा-वीस मिनिटांचं आहे. एकट्याने पाठवायचं नाही, घोळक्याने पाठवायचं. जपानमध्ये शेजारपाजारची मुलं ठरलेल्या जागी जमून रांगेने शाळेत जातात, लहान-मोठी एकत्र. आपल्या सोसायटीत किंवा आळीत पाच-सहा मुलं एकाच शाळेची असतातच. पालकांनी वार वाटून घ्यावेत, मोठ्या माणसाने रहदारीच्या बाजूने चालावं, जमायची जागा आणि वेळ पक्की ठेवावी. पावसाळ्यात मुलांना छत्रीऐवजी भडक पिवळ्या किंवा केशरी रंगाचा रेनकोट द्यावा. छत्रीआडून मुलाला गाडी दिसत नाही, आणि काळा किंवा राखाडी रेनकोट पावसाच्या अंधारात चालकाला दिसत नाही.