सर्वश्रेष्ठ मल्ल कोण? निकाल मातीवर, गादीवर की वजनकाट्यावर?

लोणावळा – चैत्र उजाडला की मावळात यात्रांचा हंगाम सुरू होतो. वडगावचे पोटोबा महाराज आणि तळेगावचे डोळसनाथ महाराज यांच्या उत्सवांपासून ते आंदर मावळ, नाणे मावळ आणि पवन मावळातील लहानसहान गावांच्या ग्रामदैवतांपर्यंत, अभिषेक, पालखी आणि त्यानंतर कुस्त्यांचा आखाडा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या ठरलेला आहे. हलगी थांबते, शेवटच्या कुस्तीचे इनाम विजेत्याच्या हाती पडते, फेटे सुटू लागतात, आणि मग देवळाच्या पारावर दुसरीच कुस्ती जुंपते. आजवरचा सर्वश्रेष्ठ मल्ल कोण? ज्येष्ठ मंडळी गणपतराव आंदळकर, मारुती माने, हरिश्चंद्र बिराजदार यांची नावे घेतात. तरुणांना सिकंदर शेख आणि शिवराज राक्षे आठवतात. कोणी दारासिंग यांना मध्ये आणतो आणि शाळकरी पोरे ‘अंडरटेकर’चे नाव घेऊन सर्वांचा रोष ओढवून घेतात. ही कुस्ती बहुधा बरोबरीतच सोडवावी लागते.

याला केवळ आपापल्या तालमीचा आणि जिल्ह्याचा अभिमान कारणीभूत नाही. कुस्ती या एका शब्दाखाली निरनिराळे खेळ नांदत आले आहेत आणि प्रत्येकाचा थोरवी मोजण्याचा गज वेगळा आहे. कोणता गज वापरायचा हे न ठरवताच वाद घातला जातो, त्यामुळे तो संपत नाही.

यात्रेतला आखाडा हा यातला सर्वांत जुना गज. तेथे वजनगट नसतो. पंच आणि जाणते वस्ताद दोन पैलवानांना समोरासमोर उभे करून नजरेनेच जोड ठरवतात. आरंभी लहान मुलांच्या रेवड्यांवरच्या आणि नारळावरच्या कुस्त्या होतात, मग इनामाचा आकडा चढत जातो आणि शेवटची मानाची कुस्ती दिवस कलताना लागते. गुणांचा हिशेब नाही. प्रतिस्पर्ध्याची पाठ मातीला लावून चीतपट करणे हाच विजय. निकाल लागत नाही असे दिसले तर पंच कुस्ती सोडवतात आणि इनाम वाटून देतात. ताक, तेल, हळद आणि लिंबू घालून मऊ केलेल्या मातीत दम टिकवून राहणे हेच मोठे कसब असते. आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ‘व्यावसायिक मल्ल’ म्हटले की दूरचित्रवाणीवरचा रंगीबेरंगी झगा डोळ्यांपुढे येतो. परंतु इनामावर खुराक चालवणारा, एका हंगामात गावोगाव लंगोट कसणारा मल्ल हाच मराठी मुलखातला खरा व्यावसायिक कुस्तीगीर होय. पूर्वी त्याला संस्थानिकांचा आश्रय होता. राजर्षी शाहू महाराजांनी कोल्हापुरात १९१२ मध्ये उभारलेले खासबाग मैदान हे त्या आश्रयाचे सर्वांत ठळक स्मारक. संस्थाने गेल्यावर ती जबाबदारी यात्रा कमिट्यांनी आणि सहकारी साखर कारखान्यांनी उचलली.

दुसरा गज किताबांचा. ‘हिंद केसरी’चा पहिला मान १९५९ मध्ये श्रीपती खंचनाळे यांनी मिळवला, पुढच्याच वर्षी तो आंदळकरांकडे आला आणि १९६४ मध्ये मारुती माने यांच्याकडे. ‘महाराष्ट्र केसरी’ची परंपरा १९६१ पासूनची. ती चालवणाऱ्या राज्य कुस्तीगीर परिषदेचा पाया घालणारे मामासाहेब मोहोळ हे मावळाला लागून असलेल्या मुळशी तालुक्यातील मुठा गावचे, त्यामुळे या गदेविषयी इकडे विशेष जिव्हाळा असणे स्वाभाविक आहे. किताबांचीच मोजदाद करायची तर नरसिंग यादव (२०११ ते २०१३) आणि विजय चौधरी (२०१४ ते २०१६) यांनी सलग तीन-तीन वेळा गदा उचलली आहे. तरीही पारावर या दोघांचे नाव पहिले म्हणून क्वचितच निघते. म्हणजे किताबांची संख्याही लोकांना पुरेशी वाटत नाही.

येथे वजनकाट्याचा प्रश्न येतो आणि या वादातील सर्वांत मोठा अन्याय त्याच्यातच दडलेला आहे. महाराष्ट्र केसरी किताबाची लढत ८६ ते १२५ किलो या खुल्या गटात होते. त्याहून हलका मल्ल कितीही चपळ, कितीही डावबाज असला तरी त्याला आपल्या गटाचे पदक मिळते, गदा मिळत नाही. यात्रेतही मोठे इनाम आडदांड पैलवानालाच लागते, कारण गर्दी त्याच्यासाठी जमते. परिणामी सर्वश्रेष्ठांची नामावली भारी वजनाच्या मल्लांनी भरून जाते.

खाशाबा जाधव यांचे उदाहरण यासाठी पुरेसे बोलके आहे. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ मध्ये लंडन ऑलिम्पिकला गेला तेव्हा मातीवर वाढलेल्या त्याच्या पायांना गादीची सवय नव्हती. तरीही त्याने सहावा क्रमांक मिळवला. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकसाठी पैसे अपुरे पडले, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. ५७ किलो गटात खाशाबांनी कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. परतल्यावर शंभराहून अधिक बैलगाड्यांची मिरवणूक निघाली, आणि त्यानंतर या ऑलिम्पिकवीराने मातीतल्या कुस्त्या लढून इनामाच्या पैशांतून प्राचार्यांचे कर्ज फेडले. हौशी आणि व्यावसायिक अशी भिंत उभी करणाऱ्यांनी हा प्रसंग अवश्य ध्यानात घ्यावा. पुढे पोलीस दलात नोकरी, १९८४ मध्ये अपघाती मृत्यू आणि अर्जुन पुरस्कार मृत्यूनंतर दीड दशक उलटल्यावर. त्यांचा १५ जानेवारी हा जन्मदिवस राज्य क्रीडा दिन म्हणून साजरा करण्याचा निर्णय शासनाने घेतला तो २०२३ मध्ये. ऑलिम्पिक पदकाचा गज मान्य असेल तर खाशाबांच्या पुढे मराठी मुलखात कोणीही नाही. असे असूनही पारावरच्या वादात त्यांचे नाव आदराने घेतले जाते आणि लगेच बाजूला ठेवले जाते. ‘ते वेगळे’ असे म्हणून. वेगळे म्हणजे हलके, एवढाच त्याचा अर्थ.

हाच प्रकार अलीकडे बीड जिल्ह्यातून पुण्यात येऊन घडलेल्या राहुल आवारे यांच्या बाबतीत दिसतो. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत ५७ किलो गटात सुवर्ण, २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ६१ किलो गटात कांस्य. महाराष्ट्र केसरीच्या यादीत मात्र ते नाव नाही आणि वजनामुळे ते असण्याची शक्यताही नव्हती.

आवारे यांचे आरंभीचे वस्ताद हरिश्चंद्र बिराजदार. जुन्या जाणकारांचा कौल बिराजदारांकडे झुकतो त्याची कारणे तपासून पाहण्याजोगी आहेत. लातूर जिल्ह्यातील रामलिंग मुदगडचा हा मल्ल कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत तयार झाला. १९६९ मध्ये महाराष्ट्र केसरी, १९७० मध्ये एडिंबरो येथील राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक, १९७२ मध्ये हिंद केसरी. म्हणजे माती, गादी आणि किताब या तिन्ही गजांवर ते उतरतात. १९७७ मध्ये बेळगावात त्यांनी दिल्लीच्या सतपाल यांना दिलेली मात जुन्या पिढीच्या तोंडी अजून आहे. त्याच सतपाल यांनी पुढे १९८२ च्या दिल्ली आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक जिंकले आणि सुशीलकुमार घडवला. बिराजदारांनीही लंगोट उतरवल्यावर पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत नवी पिढी उभी केली. स्वतः किती जणांना चीतपट केले यापेक्षा किती जण घडवले, हा गज लावला तर त्यांचे पारडे जड होते. आंदळकर आणि माने यांच्या चाहत्यांना हे पटणार नाही, आणि त्यांची बाजूही दुबळी नाही. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत या दोघांनी प्रत्येकी एक सुवर्ण आणि एक रौप्य आणले होते. आंदळकरांचे सोने ग्रीको-रोमन प्रकारातले, तर मानेंचे फ्री-स्टाईलमधले.

राहिला प्रश्न दारासिंग आणि दूरचित्रवाणीवरच्या मल्लांचा. मुंबईत वरळीच्या वल्लभभाई पटेल स्टेडियमवर फ्री-स्टाईल दंगलींना एकेकाळी तुफान गर्दी होई. १९६८ मध्ये दारासिंग यांनी मुंबईतच अमेरिकेच्या लू थेझला हरवले आणि ते विश्वविजेते म्हणून मिरवले गेले. या दंगलींत कौशल्य किती आणि आधी ठरवलेला तमाशा किती, ही कुजबुज तेव्हाही होतीच. अमेरिकेतील डब्ल्यूडब्ल्यूएफ कंपनीने तर १९८९ मध्ये न्यू जर्सीच्या विधिमंडळापुढे आपला खेळ स्पर्धा नसून मनोरंजन असल्याचे मान्य केले. तिचे मल्ल मराठी घरांत शिरले ते केबलच्या तारेतून आणि पत्त्यांच्या कॅटमधून. नव्वदीच्या दशकात वाढलेल्या मुलांना त्या पत्त्यांवरची उंची, वजन, छाती आणि क्रमांक तोंडपाठ असे. तेथे वाद घालण्याचे कारणच नव्हते, थोरवी छापूनच येत असे. हल्क होगन किंवा २००७ मध्ये जागतिक अजिंक्यपदाचा पट्टा मिळवणारा ‘ग्रेट खली’ यांना कमी लेखण्याचे कारण नाही. उंचावरून पडणे खरेच असते, हाडेही खरीच मोडतात. परंतु ज्याचा निकाल लेखक ठरवतो त्याची तुलना गामा पैलवानाशी करता येत नाही. १९१० मध्ये लंडनमध्ये झिबिस्कोने दोन तासांहून अधिक काळ पोटावर पडून राहून पराभव टाळला होता. १९२८ मध्ये पतियाळात त्याच झिबिस्कोला गामाने मिनिटभरात लोळवले. अशी कुस्ती कोणी लिहून ठेवलेली नसते.

निकाल खरा असला तरी तो सर्वांना मान्य होतोच असे नाही. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागाच्या लढतीत महेंद्र गायकवाड यांना बाहेरील टांग डावावर चार गुण दिले गेले आणि सिकंदर शेख बाहेर पडले. तो डाव पूर्ण झाला होता काय, यावर गावोगाव मोबाईलवर चित्रफीत थांबवून थांबवून खल झाला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फुलगाव येथे सिकंदर यांनी गदा जिंकली. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ यांच्याविरुद्ध आपली पाठ टेकलीच नव्हती, असा दावा करत शिवराज राक्षे यांनी पंचाला लाथ मारली आणि तीन वर्षांची बंदी ओढवून घेतली. यात्रेतल्या आखाड्यात पाठ लागली की नाही हे हजारो डोळे एकाच वेळी ठरवतात. गादीवर ते पंचांच्या शिट्टीवर ठरते. किताबामागे मोटार, मानधन आणि सरकारी नोकरीची आशा उभी असते, तेव्हा त्या एका शिट्टीचे मोल किती वाढते हे वेगळे सांगावयास नको.

पारावरच्या नामावलीत आणखी एक रकाना आजवर कोराच राहिला आहे. महिलांसाठी महाराष्ट्र केसरी स्पर्धा प्रथम भरली ती मार्च २०२३ मध्ये, सांगलीत. पहिली गदा प्रतीक्षा बागडी हिने जिंकली. पुरुषांच्या किताबानंतर तब्बल ६२ वर्षांनी.