कोंबडी मलूल झाली तर...

बालमित्रांनो, तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या परसात कोंबड्या असतील. तुम्ही त्यांना नावंही ठेवली असतील. नावं ठेवली म्हणजे ठिपकी, तुरेवाली अशी हं, दोष काढले असं नव्हे! आता समजा, एके दिवशी सकाळी तुम्ही डालगं उचललं, बाकीच्या दाण्यांवर तुटून पडल्या आणि ठिपकी मात्र कोपऱ्यात पिसं फुलवून बसून राहिली. अशा वेळी पोटात धस्स होतं. मग काय करायचं?

आधी एक गंमत ऐका. कोंबडी आपलं दुखणं लपवते! अशक्त कोंबडीला बाकीच्या टोचतात, शिवाय मांजर-मुंगसाचा डोळा अशाच पाखरावर असतो. म्हणून अंगात बळ आहे तोवर ती धडधाकट असल्यासारखी वावरते. आपल्याला कळतं तेव्हा आजार बराच पुढे गेलेला असतो. म्हणून दाणे टाकताना रोज पाच मिनिटं नीट बघा. कोण खात नाही? कुणाचा तुरा काळपट पडलाय? कोण चोच उघडून धापा टाकतंय? कुणाची शीट हिरवट, पातळ आहे?

गावठी कोंबड्यांचा सगळ्यांत मोठा शत्रू म्हणजे मानमोडी. या रोगात काही कोंबड्यांची मान पिळल्यासारखी वाकडी होते, म्हणून हे नाव. याचंच दुसरं नाव राणीखेत. कुमाऊंच्या डोंगरातल्या राणीखेत गावी १९२७ च्या सुमारास आपल्या देशात हा रोग प्रथम ओळखला गेला. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराजवळही त्याच सुमारास त्याची साथ आली होती, म्हणून जगात त्याला न्यूकॅसल रोग म्हणतात. हा रोग विषाणूमुळे होतो. तो बरा करणारं औषध नाही. साथ जोराची असली, तर काही दिवसांत अख्खं खुराडं रिकामं होतं.

मग आपल्या हातात काहीच नाही का? आहे की! आजारी कोंबडी लगेच वेगळी ठेवा. तिचं पाण्याचं भांडंही वेगळं. आधी धडधाकट कोंबड्यांना दाणापाणी, मग आजारी कोंबडीला, आणि नंतर साबणाने हात स्वच्छ धुवायचे. घरातल्या माणसांच्या गोळ्या तिला देऊ नका. मोठ्यांना सांगून जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. आणि हो, आजारी कोंबडी बाजारात विकायची नाही. चार पैसे सुटतील खरे, पण तिच्याबरोबर रोग दुसऱ्या गावी जाईल. बाजारातून आणलेली नवी कोंबडीसुद्धा दोन-तीन आठवडे वेगळीच ठेवावी.

खरा उपाय म्हणजे लस. पिल्लू पाच-सात दिवसांचं झालं की डोळ्यात किंवा नाकपुडीत लासोटा लसीचा एक थेंब. सहा ते आठ आठवड्यांचं झालं की दुसरी लस, ती सुईने टोचतात. पण एक अडचण असते. लसीची एक बाटली शंभर-दोनशे पाखरांना पुरते, आणि एकदा कालवलेली लस तासा-दोन तासांतच वापरावी लागते. पाच पिल्लांसाठी बाटली कोण फोडणार? म्हणून आळीतल्या सगळ्यांनी एकच दिवस ठरवायचा. कुणाकडे किती पिल्लं, ही यादी करण्याचं काम तुमचं!

एकदम बऱ्याच कोंबड्या मेल्या, तर मात्र कशालाच हात लावू नका. तो बर्ड फ्लूही असू शकतो. भारतात तो प्रथम २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला आढळला होता. अशा वेळी ताबडतोब दवाखान्यात कळवायचं.

इतकं करूनही कधी ठिपकी जाते. मेलेलं पाखरू उकिरड्यावर फेकू नये, कुत्री रोग गावभर नेतात. मोठ्यांनी खोल खड्डा करून, वर चुना टाकून तिला पुरावं. तुम्ही लांबून बघा, वाटलं तर रडा. त्यात लाजायचं काय? जिला रोज दाणे घातले, तिच्यासाठी डोळ्यांत पाणी येणारच.

आणि आईबाबा, "एका कोंबडीसाठी काय रडतोस!" असं म्हणू नका. "उडून गेली" असंही सांगू नका. मुलांना खरं काय ते सांगा. "तुझ्यामुळे नाही रे झालं हे," एवढं एक वाक्य मुलाला फार मोठा आधार देतं.

मग एक वही काढा. ठिपकी कधी मलूल झाली, काय काय दिसलं, ते तारखेसह लिहा. ती वही डॉक्टरांना दाखवा. खुराडं झाडून, धुऊन, चुना मारून काही आठवडे रिकामं ठेवा. पुढे एखादी खुडूक कोंबडी अंड्यांवर बसेल, एकविसाव्या दिवशी चिवचिव ऐकू येईल. त्या दिवशी वहीचं नवं पान उघडा आणि पहिल्या ओळीत लिहा : लसीची तारीख!