कृत्रिम खुब्याची झीज मोजणारी यंत्रे

मानवत परिसरातील रुग्ण खुब्याचा सांधा बदलून घेण्यासाठी परभणी, नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर येथे जातात. ऐपत असल्यास पुण्या-मुंबईसही जातात. शस्त्रकर्म तेथे होते. मात्र पाच-सात वर्षांनी जांघेत वेदना सुरू झाली, की हा रुग्ण बहुधा प्रथम गावातील वैद्याकडे किंवा औषधी दुकानात येतो. अशा वेदनेस सरसकट वातप्रकोप समजून स्नेहन-स्वेदन आरंभण्यापूर्वी बसविलेला सांधा झिजतो कसा आणि ती झीज आधी कशी तपासली जाते, हे आपणांस ठाऊक असणे अगत्याचे आहे.

खुबा हा उखळीचा सांधा. सुश्रुतांनी शारीरस्थानात वंगण दिलेल्या आसाचा व सुरळीत फिरणाऱ्या चाकाचा दृष्टांत देऊन सांध्यातील श्लेष्म्याचे कार्य सांगितले आहे, ते आपण सर्व जाणतोच. कृत्रिम सांध्यात गोल धातूचा किंवा सिरॅमिकचा असतो आणि उखळीचे अस्तर बहुधा अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनचे असते. सजीव कूर्चा येथे नसल्याने प्रत्येक पावलागणिक काही सूक्ष्म कण सुटतात. हे कण गिळण्यासाठी भक्षक पेशी धावून येतात. त्यांनी स्रवलेल्या द्रव्यांमुळे रोपणाभोवतीचे अस्थी विरू लागते व सांधा सैल होतो. म्हणजे रुग्णास त्रास होतो तो अस्तर पातळ झाल्याने तितका नव्हे, जितका सुटलेल्या कणांमुळे.

हा धडा प्रथम इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात मिळाला. शल्यचिकित्सक जॉन चार्नली यांनी १९५८ नंतर सुमारे ३०० रुग्णांत टेफ्लॉनच्या उखळ्या बसविल्या. टेफ्लॉन अतिशय गुळगुळीत असल्याने ते टिकेल अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात दोन-तीन वर्षांतच ते झिजले आणि कणांभोवती गाठी झाल्या. तेथील तंत्रज्ञ हॅरी क्रेव्हन यांनी झीज पाहण्याचे एक साधे यंत्र तयार केले होते. १९६२ साली एक विक्रेता नव्या प्लॅस्टिकचा तुकडा घेऊन आला. लँकेशायरच्या कापडगिरण्यांतील मागांच्या दातेरी चाकांसाठी ते वापरले जाई. चार्नलींना त्यात रस वाटला नाही. ते परगावी असताना क्रेव्हन यांनी तो तुकडा यंत्रावर चढवून ठेवला. टेफ्लॉन एका दिवसात जेवढे झिजे, तेवढेही हे प्लॅस्टिक तीन आठवड्यांत झिजले नाही! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते रुग्णांत वापरले गेले, आणि त्याचेच सुधारलेले रूप आजही प्रचारात आहे. कापसाच्या बाजारपेठेसाठी ओळखल्या जाणाऱ्या आपल्या मानवतच्या वाचकांस हा गिरणीचा संबंध विशेष वाटेल.

आजचे यंत्र म्हणजे चालणाऱ्या माणसाच्या खुब्याची नक्कल होय. आयएसओ १४२४२ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार गोल व उखळी यंत्रात बसवून त्यांवर ३०० ते ३००० न्यूटन असा कमीजास्त होणारा भार देतात. पुढे-मागे, आत-बाहेर आणि स्वतःभोवती अशा तिन्ही प्रकारच्या हालचाली एकाच वेळी घडतात. सेकंदास साधारण एक आवर्तन, अशी ५० लाख आवर्तने पूर्ण करावयाची असतात. न थांबता चालविल्यासही यास जवळजवळ ५८ दिवस लागतात. ठरावीक टप्प्यांवर नमुना उतरवून, धुऊन, वाळवून मिलिग्रॅमच्या अंशापर्यंत त्याचे वजन करतात. पॉलिएथिलिन द्रव शोषून जड होते व त्यामुळे झीज झाकली जाते. म्हणून एक जोड नमुना तितक्याच भाराखाली, परंतु हालचालीविना, त्याच द्रवात ठेवून त्याच्या वाढलेल्या वजनाचा हिशेब केला जातो.

हा द्रव साधे पाणी नसतो. पाण्यात चाचणी केल्यास पॉलिएथिलिनचा पातळ थर धातूच्या गोलावर चिकटतो. शरीरात असे होत नाही; त्यामुळे निष्कर्ष फसवा ठरतो. यास्तव ३७ अंश सेल्सिअसला ठेवलेले, प्रथिनांचे प्रमाण ठरवून दिलेले वासराचे सीरम वापरतात. हालचालीचेही तसेच आहे. पूर्वीच्या काही यंत्रांत नमुना केवळ पुढे-मागे घासला जाई. त्यामुळे प्लॅस्टिकचे रेणू त्या एकाच दिशेस रांगेत बसून अधिक टणक होत व झीज नगण्य दिसे. खऱ्या खुब्यात दिशा सतत बदलते, रेणू आडवे फाडले जातात आणि झीज कितीतरी अधिक होते. १९९० च्या दशकात हे उमगल्यावर यंत्रे बदलली गेली. प्रस्तुत लेखकाच्या मते संपूर्ण विषयाचे मर्म येथेच आहे. यंत्र खोटे बोलत नाही, परंतु आपण विचारलेल्या प्रश्नापुरतेच उत्तर देते.

याचा दुःखद प्रत्यय डिपू कंपनीच्या एएसआर सांध्याने दिला. यात गोल व उखळी दोन्ही कोबाल्ट-क्रोमियमच्या. उखळी योग्य कोनात बसलेली असता धातूवर धातूची अशी जोडी यंत्रावर प्रारंभी थोडी झिजते व मग स्थिरावते, कारण दोहोंमध्ये द्रवाचा पातळ पडदा टिकतो. एएसआरची उखळी मात्र अर्धगोलापेक्षा उथळ होती. शस्त्रकर्मात ती किंचित उभी बसली, तरी भार काठावर येई, पडदा तुटे आणि धातू धातूस घासे. यंत्रातील आदर्श कोन प्रत्येक रुग्णाच्या वाट्यास येत नाही. पाच वर्षांत सुमारे १२ ते १३ टक्के रुग्णांना पुन्हा शस्त्रकर्म करावे लागल्याचे इंग्लंडच्या सांधेरोपण नोंदवहीत दिसले व ऑगस्ट २०१० मध्ये हा सांधा जगभरातून परत मागविण्यात आला. ऑस्ट्रेलियात तशाच नोंदवहीमुळे तो २००९ मध्येच मागे घेतला गेला होता.

भारतात सुमारे ४७०० शस्त्रकर्मांत तो वापरला गेला होता. अशी नोंदवही आपल्याकडे नसल्याने पुष्कळ रुग्णांचा पुढे मागच लागला नाही. हे प्रकरण प्रथम लावून धरणाऱ्यांत महाराष्ट्राचे अन्न व औषध प्रशासन होते. केंद्राने २०१७ मध्ये डॉ. अरुणकुमार अगरवाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिने २०१८ मध्ये प्रत्येक बाधित रुग्णास किमान २० लाख रुपये भरपाई देण्याची शिफारस केली. काठावर भार येईल अशा स्थितीतील चाचणीचे स्वतंत्र मानक, आयएसओ १४२४२ चा चौथा भाग, त्याच २०१८ सालचे आहे. अपघातानंतर पुलाची तपासणी व्हावी, तसलाच हा प्रकार.

आपल्या व्यवसायात याचा उपयोग कोणता? खुबा बदललेल्या रुग्णाकडून शस्त्रकर्माचे वर्ष, कंपनी व सांध्याचा प्रकार विचारून घ्यावा. सोडचिठ्ठीच्या कागदावर रोपणाची चिकटपट्टी बहुधा लावलेली असते. धातूवर धातू असा सांधा असेल आणि जांघेत वेदना किंवा सूज, अथवा कानात आवाज, दृष्टी मंदावणे, धडधड अशी लक्षणे असतील, तर रक्तातील कोबाल्ट व क्रोमियम तपासण्यास अस्थितज्ज्ञांकडे पाठवावे. ब्रिटिश नियामकांनी २०१० मध्ये लिटरमागे ७ मायक्रोग्रॅम ही सावधगिरीची मर्यादा सांगितली होती. क्ष-किरण चित्र निर्दोष दिसले म्हणून निश्चिंत राहू नये. मऊ ऊतींची हानी त्यात उमटत नाही. निदान होईपर्यंत अशा सांध्यावर जोराचे मर्दन किंवा ताण देणाऱ्या क्रिया टाळाव्यात.

औषधी दुकानदार बंधूंनीही महिनोन्महिने तीच वेदनाशामक गोळी नेणाऱ्या रुग्णास एवढा एक प्रश्न जरूर विचारावा. खुब्याची रोपणे २००५ पासून औषध कायद्याच्या कक्षेत आहेत. २०१५ मध्ये सुरू झालेल्या वैद्यकीय उपकरण दक्षता कार्यक्रमाकडे, म्हणजे गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे, रोपणाच्या दुष्परिणामाची माहिती वैद्य, औषधविक्रेता किंवा स्वतः रुग्णही कळवू शकतो. कळविताना चिकटपट्टीवरील बॅच क्रमांक लिहावा. तो नसल्यास रुग्णालयाचे नाव व शस्त्रकर्माची तारीख लिहावी.