अग्निशस्त्रांची आंतरराज्य वाहतूक

खाजगी मालकीचे पिस्तूल, रिव्हॉल्व्हर यांसारखे शस्त्र एका राज्यातून दुसऱ्या राज्यात नेण्याचे वा पाठविण्याचे कायदेशीर नियमन. शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हा विषय भारतीय संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत (नोंद ५) असल्याने यासंबंधीचा कायदा सर्व राज्यांना एकच आहे. १८७८ च्या ब्रिटिश अमदानीतील कायद्याची जागा शस्त्र अधिनियम, १९५९ ने घेतली. त्याखालील १९६२ च्या नियमांच्या जागी २०१६ चे नियम आले. राज्याची सीमा ही कायद्याची सीमा नव्हे. पण ती पुष्कळदा परवान्याची सीमा ठरते आणि बहुतेक अडचणी येथूनच उद्‌भवतात.

बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर येथील रहिवाशाचे उदाहरण घेता येईल. सामान्य वर्गातील शस्त्राचा परवाना त्याला जिल्हा दंडाधिकारी देतो. परवान्यात शस्त्राचा प्रकार व क्रमांक यांबरोबर तो कोणत्या क्षेत्रात वैध आहे, हेही नमूद असते. हे क्षेत्र महाराष्ट्रापुरते असेल, तर जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुडा ओलांडून बऱ्हाणपुरास शस्त्र नेणे परवान्याबाहेरचे ठरते. त्यासाठी क्षेत्र वाढवून घ्यावे लागते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपूर्वी मेहकर व बऱ्हाणपूर ही दोन्ही गावे मध्य प्रदेशातच होती, त्यामुळे त्या काळी या प्रवासात राज्याची सीमा आडवी येत नसे.

परवाना व्यक्तीला व विशिष्ट शस्त्राला मिळून असतो, हे या नियमनाचे मूळ तत्त्व होय. त्यामुळे शस्त्र पार्सलाने आप्ताकडे धाडून देणे या चौकटीत बसत नाही. घेणाऱ्याजवळही परवाना हवा. दुरुस्ती, परवान्याचे नूतनीकरण किंवा धारकाचा स्वतःचा वापर एवढ्यापुरते अन्य व्यक्तीस शस्त्र नेता येते. मात्र धारक समक्ष हजर हवा किंवा त्याचे लेखी अधिकारपत्र हवे (कलम ३). शस्त्रे वाहून नेण्यासाठी वेगळा परवाना आवश्यक करण्याचा, किंवा अशी वाहतूक मुळीच बंद करण्याचा अधिकार कलम १२ नुसार केंद्र शासनास आहे. खाजगी शस्त्र विकावयाचे झाल्यास जिल्हा दंडाधिकाऱ्यास किंवा नजीकच्या पोलीस ठाण्यास लेखी कळवून किमान ४५ दिवस थांबावे लागते. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत बंदुका बाळगण्याबाबत पुष्कळ मोकळीक असूनही, १९६८ च्या कायद्याप्रमाणे दुसऱ्या राज्यातील रहिवाशास शस्त्र परवानाधारक विक्रेत्यामार्फतच द्यावे लागते.

सर्वांत जास्त चुका वारसाहक्काच्या बाबतीत होतात, आणि त्या बहुधा अजाणतेपणी. वडील इंदूरला वारले, त्यांचे रिव्हॉल्व्हर कपाटात सापडले, ते घरची वस्तू म्हणून मुलाने पिशवीत घालून एस.टी.ने मेहकरला आणले, तर तो विनापरवाना शस्त्र बाळगण्याचा गुन्हा होतो. वडिलांचा परवाना वारसास आपोआप लागू होत नाही. अशा वेळी ते शस्त्र विनाविलंब तेथल्याच पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावयाचे असते (कलम २१). मग वारसाने आपल्या नावे परवान्यासाठी अर्ज करावा आणि तो मिळाल्यावरच शस्त्र हलवावे. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली असून वारशाने येणारे शस्त्रही तीत मोजले जाते. साध्या विनापरवाना बाळगण्यासही या दुरुस्तीनंतर दोन ते पाच वर्षे कारावास व दंड अशी शिक्षा आहे.

प्रवासात मूळ परवाना जवळ असणे अगत्याचे आहे. पोलीस अधिकाऱ्याने मागितल्यावर तो न दाखविल्यास शस्त्र जप्त होऊ शकते (कलम १९). संशयास्पद रीतीने शस्त्र नेणाऱ्यास अधिपत्राशिवाय पकडण्याचा अधिकार पोलिसांप्रमाणेच रेल्वे, विमान, जहाज वा अन्य वाहनावरील कर्मचाऱ्यांसही कलम २० ने दिला आहे.