आपल्या पेठेंतील अळंबीं : खावीं कीं न खावीं?

आषाढाच्या सरी चार दिवस सारख्या लागून राहिल्या, कीं कसबा पेठेंतील जुन्या वाड्यांच्या परसांत, पडक्या भिंतींच्या पायथ्याशीं, कुजलेल्या तुळयांवर आणि बागांतील हिरवळीवर लहानमोठ्या छत्र्या उभ्या राहतात. कोणी त्यांस भूछत्र म्हणतो, कोणी अळंबें म्हणतो, आणि बहुतेक मुलें 'कुत्र्याची छत्री' म्हणून त्यांना पायानें उडवून देतात. परंतु बाजारांत अळंबीं मिळूं लागल्यापासून व घरोघरीं त्यांची भाजी होऊं लागल्यापासून विद्यार्थी आम्हांस निराळाच प्रश्न विचारतात : "दारांत फुकट उगवणारीं हीं अळंबीं आपण कां खाऊं नयेत?" प्रश्न योग्य आहे. 'खाऊं नका' एवढेंच उत्तर देऊन मोकळें होतां येईल. पण ज्याचें कारण कळलें नाहीं तो नियम फार दिवस पाळला जात नाहीं. म्हणून तें कारण येथें सांगण्याचें योजिलें आहे.

अळंबें म्हणजे झाड नव्हे. त्याला हरितद्रव्य नसतें. त्यामुळें सूर्यप्रकाशांत आपलें अन्न आपण तयार करण्याची शक्ति त्याच्या अंगीं नाहीं. शास्त्रज्ञ त्याची गणना कवक नांवाच्या स्वतंत्र सृष्टींत करितात. कवकाचें खरें शरीर म्हणजे मातींत, शेणांत किंवा कुजक्या लाकडांत पसरलेलें सुतासारख्या तंतूंचें जाळें. आपणांस दिसते ती छत्री हें केवळ त्याचें फळ. छत्रीच्या खालच्या बाजूस पातळ पडदे असतात. त्यांवर असंख्य सूक्ष्म बीजाणु तयार होतात व वाऱ्याबरोबर दूर जातात. छत्री एका रात्रींत उगवली असें आपणांस वाटतें. पण तिचें जाळें जमिनींत कित्येक दिवस गुप्तपणें वाढत असतें, आणि पाऊस पडतांच आधींच तयार असलेला कोंब पाणी शोषून फुगतो व वर येतो. यांत कुत्र्याचा संबंध मुळींच नाहीं.

अळंब्यांच्या हजारों जाती आहेत. त्यांपैकीं कांहीं रुचकर, पुष्कळशा चिवट व बेचव, कांहीं आजार आणणाऱ्या, तर थोड्या प्राण घेणाऱ्या आहेत. अडचण इतकीच, कीं खाण्याजोगी जात आणि विषारी जात पुष्कळदां जुळ्या भावंडांसारख्या दिसतात.

त्यांना ओळखण्याच्या कांहीं कसोट्या लोकांत पूर्वापार चालत आल्या आहेत. त्या एकेक करून पाहूं. अळंब्यांबरोबर चांदीचें नाणें उकळावें, तें काळें पडलें तर विष, असें म्हणतात. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांनीं. ती उकडलेल्या अंड्यानेंही काळवंडते, आणि अळंब्यांतील घातक विषानें तर काळी पडतच नाहीं. किडे किंवा गोगलगाय ज्याला तोंड लावते तें माणसास चालतें, ही दुसरी समजूत. परंतु गोगलगायी अत्यंत विषारी अळंबींही खुशाल खातात. पांढरें शुभ्र असेल तें निर्दोष, ही तिसरी. पण पाश्चात्त्य देशांत ज्याला 'संहाराचा देवदूत' म्हणतात तें भयंकर अळंबें दुधासारखें पांढरें असतें. लाकडावर उगवलेलें सुरक्षित, ही चौथी. तीही खोटी, कारण गॅलेरिना नांवाचीं चिमुकलीं प्राणघातक अळंबीं कुजक्या लाकडावरच येतात. खूप शिजविलें म्हणजे विष जातें, ही पांचवी समजूत सर्वांत घातकी होय. उकळून, तळून किंवा वाळवूनही तें विष नाहींसें होत नाहीं.

आतां विषें कोणतीं तें पाहूं. पावसाळ्यांत आपल्या देशांत हिरवळींवर एक मोठें, देखणें अळंबें उगवतें. त्याची छत्री पांढरी, वर तपकिरी खवले, देंठावर कडें. त्याचे पडदे कोवळेपणीं पांढरे असतात व जून झाल्यावर हिरवट होतात. त्याचें शास्त्रीय नांव क्लोरोफिलम मॉलिब्डायटीस असें आहे. खाल्ल्यावर एकदोन तासांतच जोराच्या उलट्या व जुलाब सुरू होतात. मोठा मनुष्य बहुधा बरा होतो. परंतु लहान मुलाच्या अंगांतील पाणी कमी होऊन त्याची अवस्था कठीण होऊं शकते.

दुसरें विष याहून फार भयंकर आहे. तें अमानिता, लेपिओटा व गॅलेरिना या कुळांतील कांहीं जातींत असतें. तें पेशींना नवीं प्रथिनें बनवूं देत नाहीं, आणि त्याचा मुख्य आघात यकृतावर होतो. त्याचें कपट असें, कीं खाल्ल्यावर सहा ते बारा तास, कधीं त्याहूनही अधिक वेळ, कांहींच होत नाहीं. मग उलट्या-जुलाब सुरू होतात आणि एकदोन दिवसांत थांबतात. घरचीं माणसें सुटकेचा निःश्वास टाकतात. पण आंत यकृताचा नाश चालूच असतो, व पुढें कावीळ होऊन रोगी हातचा जातो. एप्रिल २०२२ मध्यें आसामांत रानचीं अळंबीं खाल्ल्यानें दिब्रुगडच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयांत १३ माणसें दगावलीं. त्यांत बरींच चहाच्या मळ्यांतील होतीं आणि एक लहान मूलही होतें. चांगलीं समजूनच त्यांनीं तीं खाल्लीं होतीं.

येथें कोणी विचारील, "कोंकणांत व गोव्यांत लोक पिढ्यान्‌पिढ्या रानचीं अळंबीं खातात, तें कसें?" तें खरें आहे. तेथें वारुळावर येणारीं अळंबीं पावसाळ्यांत बाजारांत विकावयास येतात. वाळवी आपल्या वारुळांत या कवकाची जणूं शेतीच करिते, आणि अळंब्याचा लांब देंठ थेट त्या वारुळापर्यंत खोल गेलेला असतो. गांवचा जाणता मनुष्य तें वारूळ, तो पंधरवडा आणि तीच एक जात ओळखतो. त्याचें ज्ञान अचूक असतें. परंतु तें त्या जागेपुरतें असतें. तोच मनुष्य परमुलखांत गेला तर फसतो. आग्नेय आशियांतून अमेरिकेंत गेलेल्या कित्येक कुटुंबांनीं तेथील प्राणघातक अमानिता ही आपल्या देशांतील भाताच्या पेंढ्यावरची अळंबी समजून खाल्ली व जीव गमावले. कोंकणांतून पुण्यास आलेल्या कुटुंबांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें.

शिवाय अळंबें हें मातींतील शिसें, कॅडमियम यांसारखे धातु शोषून घेतें. म्हणून शहरांत, रस्त्याच्या कडेला किंवा मुठेच्या मळलेल्या कांठीं उगवलेलें अळंबें जातीनें चांगलें असलें तरी खाण्यास योग्य नव्हे. ज्यांस अळंबीं आवडतात त्यांनीं लागवडीचीं पांढरीं अळंबीं किंवा धिंगरी विकत घ्यावी. तीं निवडलेल्या बियाण्यापासून वाढवितात. पुण्याच्या कृषि महाविद्यालयांत या लागवडीवर संशोधनही होतें.

खाऊं नये म्हणून पाहूंही नये, असें मात्र नाहीं. अळंब्यास हात लागल्यानें विष बाधत नाहीं; पुढें हात साबणानें धुतले म्हणजे झालें. विद्यार्थ्यांनीं एक छत्री देंठावेगळी करून, पडदे खालीं येतील अशी पांढऱ्या कागदावर ठेवावी व वर पेला पालथा घालावा. सकाळीं कागदावर बीजाणूंची सुरेख नक्षी उमटलेली दिसेल : कोठें पांढरी, कोठें तपकिरी, कोठें काळी. ती हिरवट उमटली तर वर सांगितलेल्या हिरवळीवरच्या अळंब्याचा संशय घ्यावा. पण दुसरा रंग आला म्हणजे खाण्याची परवानगी मिळाली, असें कोणीं समजूं नये.

पालकांस एक विनंति. मुलानें रानचें अळंबें खाल्ल्याचें कळलें, तर लक्षणांची वाट पाहूं नये, घरगुती उपाय करीत बसूं नये, आणि उलट्या थांबल्या म्हणून निर्धास्त होऊं नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी किंवा तडक ससून रुग्णालय गांठावें. उरलेलें अळंबें कागदांत गुंडाळून बरोबर न्यावें व खाल्ल्याची वेळ डॉक्टरांस सांगावी. अशा प्रसंगीं मुलास रागें भरूं नये. कारण रागाच्या भीतीनें मूल खरें लपवितें, आणि लपविण्यांत गेलेला एकेक तास पुढें फार महाग पडतो.