त्रिशुंड गणपतीचें द्वार

पुण्याच्या सोमवार पेठेंत, नागझरीच्या कांठीं, त्रिशुंड गणपतीचें देऊळ आहे. या वस्तीस पूर्वीं शहापूर म्हणत, आणि सावकारी व व्यापार करणारे गोसावी येथें पुष्कळ राहात. त्यांपैकीं इंदूरजवळील धामपूरचे भीमगीरजी गोसावी यांनीं १७५४ मध्यें हें काम आरंभिलें. तें १७७० त पुरें झालें. उंच शिखर नसल्यामुळें देऊळ दुरून नजरेंत भरत नाहीं.

बहुतेक भाविक मूर्तीच्या ओढीनें येतात, आणि तें साहजिकच आहे. तीन सोंडांचा, षड्भुज व मयूरारूढ गणपति इतरत्र सहसा दृष्टीस पडत नाहीं. परंतु त्या ओढींत द्वारापाशीं कोणी थबकत नाहीं.

काळ्या पाषाणाच्या दर्शनी भिंतीवर द्वारपाल, हत्ती, पक्षी कोरलेले आहेत. त्यांतच परकी पोशाखांतील शिपाई एका गेंड्यास सांखळदंडांनीं जखडीत असलेले दिसतात. पुण्याच्या देवळावर गेंडा कशाला? हा प्राणी बंगाल-आसामकडचा. देवळाचें काम चालूं असतांनाच, १७५७ त, प्लासीची लढाई झाली. १७६५ त बंगालची दिवाणी इंग्रज कंपनीच्या हातीं गेली. तेव्हां जखडलेला गेंडा म्हणजे बंगाल, हा अभ्यासकांनीं लाविलेला अर्थ मला ग्राह्य वाटतो. कोणी आसामचेंही नांव घेतात. तें कालगणनेंत बसत नाहीं, कारण आसाम इंग्रजांकडे गेला तो १८२६ सालीं. गोसाव्यांचा व्यापार व यात्रा उत्तरेकडे दूरवर चालत. तिकडच्या वार्ता त्यांच्या कानीं येणारच. शनिवारवाड्यावर इंग्रजांचें निशाण चढलें १८१७ च्या नोव्हेंबरांत. त्यापूर्वीं सत्तेचाळीस वर्षें पुण्यांतल्याच एका दगडानें शेजारघरची आग दाखवून ठेविली होती, आणि लोक त्या दगडासमोरून रोज ये-जा करीत होते!

गर्भगृहांत तीन शिलालेख आहेत. दोन संस्कृत व तिसरा फारसी. देवाच्या घरांत यावनी लिपि कशी, असें कित्येक सुशिक्षित माणसेंही विचारतात. त्यांनीं ‘पेशवा’, ‘फडणीस’, ‘दफ्तर’ हे शब्द कोठून आले तें आधीं पाहावें. फारसी ही त्या काळीं दरबाराची व कागदपत्रांची भाषा होती. संस्कृताच्या अध्ययनांत वाढलेल्या मला तरी त्या शेजारांत कांहीं खटकत नाहीं. खालीं तळघरांत संस्थापक गोसाव्यांची समाधि आहे. तें एरवीं बंद असतें व गुरुपौर्णिमेस उघडतात.

घरांतील मुलांना घेऊन जावयाचें तर सकाळीं, गर्दी नसतांना जावें. कोरीव कामावर तेल-कुंकवाचीं बोटें मात्र कोणी ओढूं नयेत. दगडांतील बारीक रेघा त्याखालीं बुजतात, आणि बुजलेली रेघ पुन्हा कोरतां येत नाहीं. मागील भिंतीवर लिंगोद्भव शिव आहे. लिंगाचा अंत शोधावयास ब्रह्मदेव हंस होऊन वर गेला आणि विष्णु वराह होऊन खालीं, ही कथा वाटेंत सांगून ठेवावी, व ते हंस-वराह मुलांकडूनच शोधवून घ्यावे.